‘नुसती कारकुनी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

31 मार्चला शासनाच्या वह्यांत दिसणारा सगळा खर्च प्रत्यक्षात झालेला नसतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत: ‘हिशेबाचे कागद ही नुसती कारकुनी आहे, काम झालं की नाही ते बघा. घरबसल्या ज्ञान पाजळणाऱ्यांनी एकदा तरी सरकारी कचेरीची पायरी चढावी.’ वर मला भडकवणाराही म्हणालात.

आधी माझी चूक. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, राज्याबद्दलचा अहवाल मुख्यमंत्र्यांना सादर होतो, असं मी लिहून गेलो होतो. तो राज्यपालांना सादर होतो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेवायला लावतात. संविधानाचं कलम 151. आपण दाखवून दिलंत, मी दुरुस्ती केली, आभार.

पण ‘ज्ञान पाजळणं’? ही कुठली भाषा झाली? मुद्दा पटला नाही तर खोडून काढा, माझी ना नाही. ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याची लायकी काढण्याआधी निदान विचारायचं तरी. पायरीचं म्हणाल, तर बावीस वर्षं मी ती रोज चढलोय. एका जिल्हा कार्यालयाच्या लेखा शाखेत होतो. ज्याला तुम्ही कारकुनी म्हणता ती करूनच माझ्या मुलांची शिक्षणं झाली, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्या कारकुनीतलं एक वर्ष सांगतो. मुलींच्या एका वसतिगृहाचं छत दुरुस्त करायला निधी आला तोच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. काम काढायला वेळ नाही आणि 31 तारीख उलटली की निधी व्यपगत, म्हणजे हातचा गेला. मग वरून आदेश आला: रक्कम आहरित करा, म्हणजे कोषागारातून काढा, आणि स्वीय प्रपंजी खात्यात टाका, म्हणजे कार्यालयाच्या नावानं कोषागारातच ठेवलेल्या ठेव खात्यात. रात्री पावणेअकराला कोषागारातून देयक (बिल) पारित होऊन आलं, नोंदवहीत नोंद मी केली. हे खातं लोकलेख्यात असतं, म्हणजे शासनाकडे नुसत्या ठेवलेल्या पैशांच्या वेगळ्या हिशेबात. पैसा एकत्रित निधीतून, म्हणजे शासनाच्या मुख्य तिजोरीतून, तिकडे गेला की हिशेबात तो खर्च झाला. एक खिळासुद्धा ठोकला नव्हता आणि आमच्या तक्त्यात खर्च 100 टक्के!

जूनमध्ये मी तिथे गेलो. छत कडेनं गळत होतं. मुलींनी गाद्या भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणल्या होत्या आणि वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून खिडकीच्या गजाला टांगल्या होत्या. पुढं खात्यातल्या पैशाला सुधारित मंजुरी मिळेना, म्हणून आम्ही नव्यानं मागणी केली. ती परत आली. शेरा असा: या कामावर पूर्ण खर्च झालेला असल्याने मागणी विचारात घेता येत नाही.

आता सांगा, ‘काम झालं का ते बघा’ म्हणता ते बघायचं कुणी आणि कशावरून? विधिमंडळातल्या माणसाला ते छत दिसत नाही. त्याच्यापुढे येतो तो आकडा. आकडाच खोटं बोलत असेल तर खर्चाचा जाब विचारणारी विधिमंडळाची लोकलेखा समिती प्रश्न तरी कशावर विचारणार? त्या मुलींचं छत कागदानंच अडवलं होतं, साहेब. स्वीय प्रपंजी खात्यांत पडून राहिलेल्या रकमांबद्दल कॅगनं राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालांत वर्षानुवर्षं लिहिलंय. ते वाचायचे कष्ट घेतले असतेत, तर मला भडकवणारा म्हणण्यापूर्वी थांबला असतात.

लेखापरीक्षणाच्या धाकानं अधिकारी निर्णय घेत नाहीत, आपत्तीत आगाऊ रक्कम काढावीच लागते, हे तुमचे बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत. त्यांत मी पडत नाही.

तुम्हाला खरंच काम बघायचं असेल, तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. जिल्ह्यातलं कुठलंही एक कार्यालय घ्या आणि विचारा: 1 एप्रिलला स्वीय प्रपंजी खात्यात शिल्लक किती होती आणि ती कुठल्या कामांची? उत्तर आलं की आकड्यासकट इथं लिहा. मग पुढचं बोलू.