ॲव्हरेजसाठी प्रीमियम पेट्रोल? आधी गाडीचं मॅन्युअल उघडा

"प्रीमियम टाकू का? ॲव्हरेज वाढेल." पंपावर हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला विरळाच. मला या वाक्याची मनापासून चीड येते. दिवसभर दुचाकी चालवून पोट भरणाऱ्यांना एकेका किलोमीटरचा हिशोब करावा लागतो, आणि नेमकं त्यांनाच ते सगळ्यात लवकर पटतं. चार किलोमीटर जास्त मिळतील या आशेने ते लिटरमागे जादा पैसे मोजतात, आणि हाती काहीच लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेलं असेल, तर प्रीमियमने, म्हणजे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने, ॲव्हरेज वाढत नाही. का, ते नीट सांगतो.

बहुतेकांना वाटतं की ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद. तसं नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका बाजूने पसरत जाते. ती पोचायच्या आतच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर इंजिन नॉक होतं. वरच्या गिअरमध्ये चढ चढताना ॲक्सिलरेटर पिळला की कधीकधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो ना, तोच हा. असं आपोआप पेटणं पेट्रोल किती रोखून धरतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी केली आहे. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनचं मिश्रण जितकं नॉकिंग रोखतं तितकं रोखणारं पेट्रोल. या व्याख्येत ऊर्जेचा कुठे संबंधच येत नाही.

(अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी: तिथे पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिथलं ८७ म्हणजे इतर बऱ्याच देशांतलं साधारण ९१. त्यामुळे तिथले आकडे आपल्या गाडीला लावू नका.)

साधं असो की प्रीमियम, एका लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. इथेनॉलचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. त्याचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, पण लिटरमागे ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने कमी. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर इथेनॉल मिसळल्यावर ॲव्हरेज वाढायला हवं होतं. ते उलट कमी होतं.

मग प्रीमियम बनवतात कशाला? ज्यांना त्याची गरज असते अशी इंजिनं आहेत म्हणून. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) जास्त असेल किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असेल, तर सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता इतकी वाढते की साधं पेट्रोल तग धरत नाही. नॉक सेन्सरला ते कळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण जोर आणि ॲव्हरेज दोन्ही घटतं. अशा गाडीत प्रीमियम भरल्यावर फरक पडतो, आणि तो खरा असतो. पण किती? अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१७ मध्ये, मॅन्युअलमध्ये प्रीमियमची 'शिफारस' असलेल्या पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. ॲव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी साडेवीस देईल. पेट्रोलच्या भावातला फरक सहसा याहून जास्त असतो, तेव्हा पैशाचा हिशोब इथेही जुळत नाही. मॅन्युअलमध्ये प्रीमियम 'आवश्यक' लिहिलं असेल, तर मात्र चर्चाच नको. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

'प्रीमियमने इंजिन साफ राहतं' हा मुद्दा वेगळा आहे आणि त्यात तथ्य आहे. ते काम ऑक्टेनचं नाही, पेट्रोलमध्ये घातलेल्या डिटर्जंटचं. इंजेक्टरवर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीवर, थर साचला की फवारा बिघडतो आणि पेट्रोल नीट जळत नाही. चांगलं डिटर्जंट तो थर काढतं, पण त्याने फार तर गमावलेलं ॲव्हरेज परत मिळतं. मुळात होतं त्याच्या वर ते जात नाही. शिवाय डिटर्जंट चांगल्या कंपनीच्या साध्या पेट्रोलमध्येही असू शकतं. आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात तर ते इनटेक व्हॉल्व्हपर्यंत (हवा आत घेणाऱ्या झडपेपर्यंत) पोचतच नाही, मग तिथला थर धुणार कसा?

"पण माझ्या गाडीला खरंच फरक पडला" असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. मोजणीत गडबड असते. दुचाकीत चार लिटर पेट्रोल बसलं आणि या वेळी नोझल २०० मिलिलिटर आधी कट झालं, तर तेवढ्यानेच ५ टक्के फरक दिसतो. गाडी साइड स्टँडवर होती की सरळ, एवढ्यानेही टाकी कमीजास्त भरते. शिवाय महाग पेट्रोल टाकलं की माणूस आपोआप जपून चालवतो. खरंच तपासायचं असेल तर तोच पंप, तेच नोझल, गाडी मेन स्टँडवर, रोजचाच रस्ता, आणि आलटून पालटून बऱ्याच टाक्या मोजा. आज कोणतं पेट्रोल आहे हे चालवणाऱ्याला न सांगता मोजता आलं, तर उत्तमच.

ॲव्हरेज दुसरीकडे दडलेलं असतं. अमेरिकन सरकारच्या माहितीनुसार, जोरात पळवून कचकन ब्रेक मारत चालवलं तर हायवेवर १५ ते ३० टक्के ॲव्हरेज जातं. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी थोडं. समोर सिग्नल लाल दिसत असताना दोनशे मीटर आधी ॲक्सिलरेटर सोडायला एक पैसाही लागत नाही.

नोझल धरणाऱ्या पोरावर माझा राग नाही. त्याला जे बोलायला शिकवलंय ते तो बोलतो. पेट्रोल विकणाऱ्यांनी मात्र प्रीमियमच्या पाटीवर ऑक्टेनचा आकडा आणि डिटर्जंटची माहिती ठळक लिहावी, आणि ॲव्हरेजचा दावा करायचाच असेल तर कोणत्या इंजिनात, किती टक्के, तेही लिहावं. तोपर्यंत तुम्ही टाकीच्या झाकणामागचा स्टिकर किंवा मॅन्युअलमधलं इंधनाचं पान बघा. तिथे जो किमान आकडा दिलाय, तेवढ्याच ऑक्टेनचे पैसे मोजा.