शांत गाव कसं वाजवावं

समुद्रकाठचं शांत गाव अनुभवायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच निघा. सगळे निघतात तेव्हाच निघा, नाहीतर आपल्याला सुट्टी मिळाली आहे असं वाटतच नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलंय, आणि माणगावच्या कोंडीत तीच पोरं तुमच्या शेजारच्या गाडीतून पाय बाहेर काढून बसलेली दिसतील. विमानाने चिपीला उतरता येतं, कोकण रेल्वेने कुडाळला. पण मग डिकीतला स्पीकर, शेगडी, चार पोती कोळसा आणि फुगवायचं बदक कुठे ठेवणार?

गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधलं आहे. नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीच त्याचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘अजून कोणालाच माहीत नसलेला किनारा’. तेव्हापासून तो सगळ्यांना माहीत आहे.

राहायला घरगुती सोय बघा. आमच्या वहिनींकडे आहे. घरगुती म्हणजे घरातली माणसं लोट्यावर, म्हणजे ओसरीवर झोपतात आणि घरात तुम्ही. पोचल्या पोचल्या वायफायचा पासवर्ड विचारा. मग गावाच्या शांततेची तपासणी सुरू करा. कोंबडा पहाटे आरवतो, त्याची तक्रार करा. देवळात जत्रा असेल आणि दशावतार पहाटेपर्यंत चालला तर पेटी-मृदंगाचा आवाज कमी करायला कुठे फोन लावायचा ते विचारा. संकासुराला व्हॉल्यूमचं बटण नसतं हे ऐकून अविश्वासाने बघा. एका पाहुण्यांनी निघताना वहिनींच्या वहीत लिहून ठेवलं होतं: जागा चांगली, जेवण चांगलं, पण समुद्राचा आवाज रात्रभर येतो. वहिनींनी ते आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, “बंद करूक व्हयो.”

हे आबा म्हणजे माझे चुलते. आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलं. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा पर्यटक म्हणजे किल्ला बघून, शहाळं पिऊन संध्याकाळच्या एसटीने परत जाणारा सभ्य माणूस, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत घालवणं हे तुमचं काम आहे.

आता पोहणं. समुद्रात उतरण्याआधी कोणालाही काही विचारू नका. आबांना तर मुळीच नको, कारण ते कॅलेंडर काढतात. त्यांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला, आणि तेव्हा उधाण. भरतीनंतर सहा तासांनी, वर थोडी मिनिटं धरा, पूर्ण ओहोटी. यात थोडंफार इकडेतिकडे होतं, पण आमच्या होड्या या गुणाकारावर पिढ्यानपिढ्या बाहेर पडल्या आणि परत आल्या. तुम्हाला पाऊणकीचा पाढा येत नाही, त्यामुळे हा प्रश्न मिटला. तुमच्या फोनमध्ये भरतीचं अॅप आहे, ते उघडू नका म्हणजे झालं.

जागा निवडताना लाटा फुटून फेस होतोय तिथे जाऊ नका, लहान मुलांसारखं दिसतं. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे पाणी अगदी गप्प, जरा गडद दिसतं, ती जागा पकडा. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं सगळं पाणी तिथूनच परत आत धावत असतं. आमच्याकडे त्याला ओढ म्हणतात. आबा वरून ओरडतील, “पावण्यांनू, ओहोटी लागली हा, आत जाव नकात, पाण्याक ओढ आसा!” त्यांच्याकडे बघून हात हलवा, त्यांना वाटेल ओळख दाखवली. ओढीत सापडलात तर ते आणखी एक सांगतात, की तिच्याशी भांडू नका, किनाऱ्याकडे तोंड करून दमू नका, आडवे, किनाऱ्याच्या समांतर पोहा, ती फार रुंद नसते. पण तुम्ही सोसायटीच्या तलावात पंचवीस मीटर पोहला आहात, तुमचं शिक्षण झालंय. आणि जूनमध्ये आलात तर काय विचारता! आमच्या होड्या वर ओढून, झावळांनी झाकून ठेवलेल्या असतात, समुद्र सगळा तुमचाच.

मासेमारीसाठी ऑनलाइन मागवलेली साडेसात फुटी काठी आणा. आमच्याकडे गरवणारा माणूस खडकावर बसतो, हातात दोरा, टोकाला गरी, गरीला सुंगटाचा तुकडा. दोरा बोटावर घेऊन तो तासन्‌तास समोर बघत राहतो. तोंडाने बोलत नाही. संध्याकाळी एखादा गोबरा, एखादी तांबोशी घेऊन घरी जातो, किंवा काहीच न घेता जातो आणि त्याबद्दलही बोलत नाही. यात मजा ती काय? तुम्ही सहाजणांनी मिळून एक काठी धरा, एकाने चित्रीकरण करा, एकाने गरी चुकून शेजारच्याच्या टोपीत अडकवा. शिंगटी लागली तर ती आधी हाताने घट्ट धरा. तिच्या पाठीवरच्या काट्यात विष असतं आणि त्याची ठणक तुम्हाला कुडाळपर्यंत सोबत करेल. केंड लागला तर तो रागाने चेंडूसारखा फुगतो. त्याच्यासोबत फोटो काढा. फक्त वहिनींना तो शिजवायला सांगू नका, कारण त्या ऐकणार नाहीत, आणि केंडाच्या विषावर उतारा नाही.

शिजवण्यावरून आठवलं. जेवायला बसलात की सुरमई मागा. इथे बांगडा मिळतो, तारली मिळते, पेडवे, सौंदाळे, लेपो मिळतात, त्या त्या दिवशी जाळ्यात जे आलं ते मिळतं. हे सगळं ऐकून घ्या आणि मग म्हणा, “ते ठीक आहे, पण सुरमई?” वहिनी बांगड्याच्या तिखल्यात ठेचलेली तिरफळं घालतात. पानात आलेलं तिरफळ बोटांनी उचलून ‘हे काय पडलंय’ असं विचारा. पेडव्याला काटे फार म्हणून तो बाजूला सारा. जुलैत आलात तर ‘एकदम ताजी’ सुरमई मागा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, मासे त्या दिवसांत अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. पण तुम्ही पैसे मोजताय ना! मग तुम्हाला सुरमई मिळेलच. कुठल्या बर्फातून आली ते ती सांगत नाही, आणि रस्सा चांगला असेल तर तुम्हीही विचारत नाही.

निसर्गाचं राहिलं. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांच्या पुढे, वाळूवर एक वेल पसरलेला दिसेल. जांभळी फुलं, पानं आपट्यासारखी दुभागलेली. तो वाळू धरून ठेवतो. लाटेने यावं ते इथवर, म्हणून त्याचं नाव मर्यादवेल. समुद्र ते नाव बहुधा पाळतो. तुमच्या गाडीला चार चाकांची ताकद एकदम मिळते, तिने कशाला पाळावं? थंडीच्या दिवसांत याच पट्ट्यात कासविणी रात्री येऊन अंडी घालतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. दीडेक महिन्याने पिल्लं निघतात आणि समुद्रावरच्या उजेडाच्या अंदाजाने पाण्याकडे धावतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला ती सोडताना बघायला लोक लांबून येतात. तुम्हीही जा, आणि पिल्लांना रस्ता नीट दिसावा म्हणून त्यांच्या तोंडावर मोबाईलची बॅटरी मारा. ती मागे वळून तुमच्याकडे येऊ लागतील. किती माणसाळलीत, असं म्हणा.

आता गाडीचं सांगतो, म्हणजे माझं तुमच्याबद्दलचं प्रेम कळेल.

मे महिन्यात मी गावी होतो. त्या दिवशी तृतीया होती. गुणाकार तुम्हीच करा: सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी टणक दिसते. तशी ती वरून असतेही. वहिनींकडच्या पाहुण्यांनी मर्यादवेलावरून गाडी खाली उतरवली, पाण्याच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत, वरून कोणीतरी चित्रीकरण करत असताना, वळणावर थांबली. चाकं फिरली तशी वाळू भिजट होत गेली आणि गाडी हळूहळू बसली, म्हशीने डबक्यात बसावं तशी.

शेजारीच रापण ओढत होते. पहाटे होडीने अर्धं वर्तुळ करून जाळं टाकलेलं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं, कमरेला फळकूट बांधून दोरावर मागे मागे रेलणारी. मीही एका दोराला लागलो होतो. मुंबईत राहून कमरेचं काय होतं ते तेव्हा कळतं. दोन-अडीच तासांनी जाळं आलं. कुत्री गोळा झाली, घारी खाली उतरल्या, टोपल्या पुढे सरकल्या. जाळ्यात मूठभर तारली, दोन-चार लेपो, बाकी शेवाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. त्यातल्या एका बाटलीवर आदल्या रात्रीच्या पाहुण्यांच्या पेयाचा कागद अजून चिकटलेला होता.

तोवर पाणी गाडीच्या मागच्या चाकाला लागलं होतं. पाहुणे आबांकडे आले. त्यांच्यातला थोरला म्हणाला, “काका, इथे टोईंगवाल्याचा नंबर आहे का?” आबांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा समुद्राकडे. मग काही न बोलता रापणीचा दोर उचलला, गाडीच्या पुढच्या कडीतून ओवला आणि माणसांना दोन रांगांत उभं केलं. बायकाही लागल्या. “हय्या” झालं, वाळू फुसफुसली, पहिल्या ओढीला गाडी नुसती हलली. पाण्याची पुढची लाट दारापर्यंत आली तेव्हा ती इंचाइंचाने वर येऊ लागली, आतलं फुगवलेलं बदक मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होतं.

गाडी सुरूच्या सावलीत आली. माणसं धापा टाकत टेकली. थोरल्या पाहुण्यांनी खिशात हात घालून विचारलं, किती द्यायचे?

आबा दोर गुंडाळत होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर थाप मारली आणि रापणकऱ्यांकडे वळून म्हणाले, “आज रापणीक गाडी गावली. आता ह्येचे वाटे कशे घालूचे?”