‘कॉल्ड ॲज’ सोलापुरात इतकं का रुजलंय?

विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत हे वाक्य हमखास सापडतं: ‘धिस प्रोसेस इज कॉल्ड ॲज फोटोसिंथेसिस.’ त्याला मार्क पूर्ण मिळतात, कारण तपासणारा विज्ञान तपासतो, इंग्रजी नाही. पोरगं तेच वाक्य घेऊन कॉलेजात जातं, मग नोकरीच्या मुलाखतीला. ‘कॉल’च्या मागे ‘ॲज’ लागत नाही. ‘इज कॉल्ड फोटोसिंथेसिस’, संपलं.

ही चूक महाराष्ट्रभर आहे, पण आपल्या गावात ती जरा जास्तच घट्ट बसलीय, आणि त्याला पोरांचा आळस कारण नाही. आपण मराठीत ‘त्याला बंड्या म्हणून हाक मारतात’ म्हणतो. कन्नड घरात तिथे ‘अंत’ येतं, तेलुगू घरात ‘अनी’ येतं, दखनी बोलणाऱ्या घरात ‘बोलके’ येतं. चारही भाषांत नाव आणि क्रियापद यांच्यामध्ये एक छोटा शब्द बसतो. मग इंग्रजीतही तिथे काहीतरी हवं असं वाटतं, आणि हाताशी ‘ॲज’ असतो. चूक आहे, पण अडाणी चूक नाही.

माझा राग आहे तो ती सुधारायच्या पद्धतीवर. क्लासमध्ये यादी देतात: या पंधरा क्रियापदांना ‘ॲज’ लागतो, या दहांना लागत नाही, पाठ करा. परीक्षेच्या आदल्या रात्री यादी पाठ होते आणि पेपरात ‘रिगार्ड’ अन् ‘कन्सिडर’ची अदलाबदल होते. होणारच! आपल्या शब्दकोशात दोघांपुढे एकच अर्थ छापलेला असतो: मानणे, समजणे.

तो अर्थच जरा बदलून घ्या. ‘रिगार्ड’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ ‘पाहणे’. म्हणून त्याच्यापुढे ‘मानणे’ खोडून ‘म्हणून पाहणे’ लिहा. ‘ॲज’ आपोआप येतो, कारण ‘म्हणून’ आधीच मराठीत बसलाय. पाहण्याची बाकीची क्रियापदंही तशीच चालतात: ‘सी’, ‘व्ह्यू’, ‘लुक अपॉन’. शब्दांनी चित्र काढणारीही त्याच घरातली: ‘डिस्क्राइब’, ‘पोर्ट्रे’, ‘डिपिक्ट’. पाहिलं किंवा रंगवलं, की ‘ॲज’.

‘कन्सिडर’ मात्र खरंच ‘मानणे’. ‘मी त्यांना गुरू मानतो’ या वाक्यात ‘म्हणून’ आहे का? नाही. मग इंग्रजीतही नको: ‘आय कन्सिडर हिम माय गुरू.’ मध्ये ‘टू बी’ घातलं तरी चालतं. याच्याच सोबतीला ‘फाइंड’ आणि ‘डीम’. ‘बिलीव्ह’लाही ‘ॲज’ नको, पण त्याला ‘टू बी’ घालायची सवय ठेवा.

आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. जन्म सोलापूरचा, 1910 चा. 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगू:

‘द चायनीज रिगार्ड हिम ॲज अ फ्रेंड.’
‘द चायनीज कन्सिडर हिम अ फ्रेंड.’
‘द चायनीज थिंक ऑफ हिम ॲज अ फ्रेंड.’

तिसऱ्यातला ‘ऑफ’ सर्वांत जास्त गळतो. ‘थिंक हिम ॲज’ असं काही नसतं. कर्मणी प्रयोग केला की धोका वाढतो, कारण दोन बारके शब्द शेजारी येतात: ‘ही इज थॉट ऑफ ॲज अ फ्रेंड.’ कानाला विचित्र लागतं म्हणून पोरं एक शब्द खोडतात. खोडू नका. ‘रेफर्ड टू ॲज’ आणि ‘लुक्ट अपॉन ॲज’ यांचंही तेच.

दुसरी गळती ‘अ’ची. आपल्या भाषेत आर्टिकल नाही, त्यामुळे ‘रिगार्ड हिम ॲज फ्रेंड’ आपल्याला खटकतच नाही. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांबद्दल लिहिताना ‘दे आर रिमेंबर्ड ॲज मार्टर्स’, अनेकवचन आहे म्हणून ‘अ’ नाही. एकट्या मल्लप्पा धनशेट्टींबद्दल लिहिलं तर ‘ॲज अ मार्टर’. उलट ‘ॲज’नंतर नुसतं विशेषण आलं तर ‘अ’ घुसवायचा नाही. शेंगाचटणी ‘इज डिस्क्राइब्ड ॲज स्पायसी’. तिथे ‘ॲज अ स्पायसी’ लिहिलं की वाचणारा विचारतो, स्पायसी काय?

‘डिस्क्राइब’चं अजून एक दुखणं आहे, ते म्हणजे ‘डिस्क्राइब अबाउट’. ‘च्याबद्दल वर्णन करा’ हे मराठी तिथे शिरतं. ‘डिस्क्राइब द गड्डा यात्रा’, बास.

आता माझं न पटणारं मत. ‘कन्सिडर’नंतर ‘ॲज’ दिसला की लाल शाई मारणाऱ्यांनी थोडं थांबावं. ‘वी आर कन्सिडरिंग हर ॲज अ कँडिडेट’ हे बरोबर आहे. इथे ‘कन्सिडर’ म्हणजे मानणे नव्हे, तर उमेदवार म्हणून तिचा विचार करणे. मराठीत ‘म्हणून’ आला, इंग्रजीत ‘ॲज’ आला. मात्र स्पर्धा परीक्षेच्या ‘चूक ओळखा’मध्ये ‘इज कन्सिडर्ड ॲज द बेस्ट’ आलं, तर ‘ॲज’वरच बोट ठेवा, वाद नंतर घाला.

मराठी सगळीकडे साथ देत नाही हेही खरं. ‘महापौर म्हणून निवडलं’ यात ‘म्हणून’ आहे, पण ‘दे इलेक्टेड हर मेयर’ यात ‘ॲज’ लागत नाही, आणि पद एकच असल्यामुळे ‘अ’ही नाही. ‘अपॉइंट’चंही तसंच. दोन्हीकडे ‘ॲज’ घातला तर चूक नाही, पण न घालता वाक्य स्वच्छ दिसतं.

‘नोन’ तर फारच फसवा. चादरीसाठी ओळखलं जातं, तर ‘सोलापूर इज नोन फॉर इट्स चादर्स’. तिथे ‘नोन ॲज’ लिहिलंत की अख्खं गावच चादर होतं. ‘ॲज’ नाव किंवा बिरुद सांगायला, ‘फॉर’ कारण सांगायला.

‘ट्रीट’बरोबर दोन्ही चालतं, पण बऱ्याचदा अर्थ थोडा फिरतो. ‘ट्रीटेड मी ॲज अ गेस्ट’ म्हणजे पाहुणा होतो, तसंच वागवलं. ‘ट्रीटेड मी लाइक अ चाइल्ड’ म्हणजे मूल नसून मुलासारखं वागवलं.

राहता राहिलं चुकून समजणं. त्याला ना ‘रिगार्ड’ चालतं ना ‘कन्सिडर’. तिथे ‘टेक’ आणि ‘फॉर’ची जोडी लागते. ‘मला येडा समजलास काय बे?’ याचं इंग्रजी ‘डू यू टेक मी फॉर अ फूल?’ फक्त त्यातला ‘बे’ इंग्रजीत कुठे बसवायचा, ते मात्र विचारू नका.