धरून बसलंय कोण?

मेमरी लीक, म्हणजे प्रोग्रामने घेतलेली मेमरी न सुटता वाढत राहणं, कधीच मंगळवारी सकाळी अकराला, चहा झाल्यावर, डोकं ताजं असताना उघडकीस येत नाही. ती येते डिसेंबरातल्या शनिवारी रात्री, कळंगुटला एक खोली रिकामी नसताना. बुकिंगचा सर्व्हर मान टाकतो, हॉटेलचा मॅनेजर फोनवर 'बाब, परत बसलं मरे ते!' म्हणून ओरडतो आणि आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात: रीस्टार्ट मार. रीस्टार्ट मारलं की मेमरीची रेषा झपकन खाली येते, सगळे खूश होतात, आणि पुरावा मांडवीत जातो.

नवशिका मग भोक शोधायला लागतो. सी भाषेत ते असतं: घेतलेली मेमरी परत द्यायला विसरलात की ती गेलीच. पण पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या भाषा स्वतःच झाडू मारतात. त्यांची अट एवढीच की त्या ऑब्जेक्टपर्यंत पोचणारं कुणी उरता कामा नये. सीपायथन (पायथनचा नेहमीचा अवतार) तर प्रत्येक ऑब्जेक्टवर किती रेफरन्स, म्हणजे त्याला धरणारे दुवे, आहेत तो आकडा त्या ऑब्जेक्टच्या कपाळावरच लिहून ठेवतो. आकडा शून्य झाला की ऑब्जेक्ट त्याच क्षणी गेला. तेव्हा इथे काही सांडलेलं नसतं. कुणीतरी धरून बसलेलं असतं.

गोवेकराला हे समजावून सांगायला नको. साळगावात एक जुनं घर आहे असं धरा. कौलं गेली, भिंतीतून वड उगवला, तरी ते पाडता येत नाही आणि विकताही येत नाही, कारण वन-फोर्टीनच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नावं आहेत. एक भाऊ लिस्बनला, एक स्विंडनला, आत्या म्हापशातच पण गोवा राज्य झाल्यापासून बोलत नाही. वर इथल्या कायद्याने लग्न झालेल्या प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही लागते. एक सही राहिली की घर उभं. गार्बेज कलेक्टर तितकाच कायद्याने चालणारा गृहस्थ आहे. एक नाव शिल्लक दिसलं तरी तो हात लावत नाही. फरक इतकाच, की घराचा उतारा कचेरीत मिळतो. ऑब्जेक्टचा उतारा आपणच काढायचा.

त्यात पहिली भाबडी आशा म्हणजे पायथनचं डेल. 'डेल बुकिंग' लिहिलं की बुकिंग नष्ट झालं अशी अनेकांची श्रद्धा आहे. डेल फक्त ते नाव पुसतं आणि आकडा एकाने कमी करतं. बाकी सगळे जिथल्या तिथे. कोडमध्ये दर पाच ओळींनी डेल आणि दर फंक्शनच्या शेवटी जीसी.कलेक्ट (गार्बेज कलेक्टरला 'आत्ताच झाडू मार' असा हुकूम) दिसलं, की समजावं इथे कुणीतरी घाबरून गेलंय.

आता उपद्व्याप सुरू करण्याआधी ही लीकच आहे का ते बघायला हवं, कारण निम्म्या वेळा ती नसते. पायथन 512 बाइटपर्यंतचे छोटे ऑब्जेक्ट स्वतःच्या साठ्यातून देतो. हा साठा अरीना नावाच्या ठोकळ्यांत असतो: पूर्वी 256 केबीचे, 3.10 पासून 1 एमबीचे. अख्खा ठोकळा रिकामा झाल्याशिवाय तो ऑपरेटिंग सिस्टिमला परत जात नाही. त्यात एक चिमुकली स्ट्रिंग जरी राहिली तरी टॉप या कमांडमध्ये दिसणारा मेमरीचा आकडा खाली येत नाही. म्हणून 'मेमरी चढली आणि उतरली नाही' यावरून काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते पुन्हा पुन्हा चढण्यावरून.

त्याची रीत अशी. सर्व्हर उठवा आणि आधी दहा-वीस बुकिंगं अशीच करून टाका, म्हणजे कॅशे भरतील, मॉड्यूल लोड होतील, डेटाबेसची कनेक्शनं उघडतील. मग जीसी.कलेक्ट करा आणि ऑब्जेक्ट मोजा. आता तेच काम बरोबर 37 वेळा करा. शंभर वेळा नको, 37च. शंभर, पन्नास, दहा हे आकडे प्रोग्राममध्ये इकडेतिकडे पडलेलेच असतात. 37 सहसा कुणी ठेवत नाही. पुन्हा कलेक्ट, पुन्हा मोजणी. ऑब्जग्राफ या लायब्ररीतलं शो-ग्रोथ नेमकं हेच करतं: मागच्या वेळेपेक्षा कुठल्या जातीचे ऑब्जेक्ट किती वाढले ते छापतं. तिथे 'बुकिंग, अधिक 37' आणि खाली 'डिक्ट, अधिक 111' (डिक्ट म्हणजे किल्ली-किंमत जोड्यांचा साठा) असं दिसलं की संशय संपला. प्रत्येक बुकिंग उरलंय आणि आपापल्या तीन डिक्टसकट उरलंय. पाहुणे मोपावरून विमानात बसून घरी पोचले, त्यांची बुकिंगं अजून चेकआऊट करायला तयार नाहीत.

इथे लोक डिक्टच्या मागे लागतात, कारण आकडा मोठा. तसं करू नये. डिक्ट, लिस्ट, टपल हे मागून फरफटत आलेले असतात. आधी आपल्याच क्लासचा ऑब्जेक्ट धरावा.

ट्रेसमॅलॉक या मेमरीच्या नोंदवहीचंही सांगायला हवं, कारण तो 3.4 पासून पायथनसोबतच येतो आणि सगळे आधी त्याच्याकडेच धावतात. ट्रेसमॅलॉक.स्टार्ट(25) असं सुरू करा, म्हणजे प्रत्येक मेमरीमागच्या 25 फ्रेम्स (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्या पायऱ्या) लक्षात राहतात. आकडा दिला नाहीत तर एकच फ्रेम राहते आणि ती हमखास कुठल्यातरी लायब्ररीच्या पोटातली निघते. दोन स्नॅपशॉट घ्या, कंपेअर-टूने वजाबाकी करा. प्रोग्राम मंदावतो, पण उत्तर स्वच्छ येतं. मात्र ते उत्तर जन्माच्या दाखल्याचं असतं: ही मेमरी अमुक फाइलच्या अमुक ओळीवर जन्मली. बुकिंग बुकिंगच्याच ओळीवर जन्मतं हे आपल्यालाही माहीत होतं. सोडत कोण नाही, यावर ट्रेसमॅलॉक गप्प.

मग खरी चौकशी. उरलेल्यांपैकी एक बुकिंग उचलायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे कोण ते विचारायचं. जीसी.गेट-रेफरर्स हे सांगतं, पण पहिली काही नावं बघून हसू आणि रडू एकदमच येतं, कारण त्यात आपणच असतो. ज्या लिस्टमध्ये आपण ती 37 बुकिंगं तपासायला काढून ठेवली ती लिस्ट, ज्या मॉड्यूलमध्ये 'ब' नावाचं व्हेरिएबल केलं त्याची डिक्ट. गेटरेफकाउंटचं तेच: आकडा अपेक्षेपेक्षा सहसा एकाने जास्त येतो, कारण विचारण्यासाठी ऑब्जेक्ट हातात दिला तोही एक रेफरन्स. आणि 3.12 पासून नन, ट्रू आणि छोटे पूर्णांक अमर करून टाकलेत. त्यांचा आकडा विचारलात तर अब्जांत काहीतरी येतं. ते बघून दचकू नये.

कन्सोलवर बसून चौकशी करणाऱ्यांचे आणखी हाल. पायथनचा कन्सोल शेवटचं उत्तर अंडरस्कोर या नावाखाली धरून ठेवतो. आयपायथन आणि ज्युपिटर तर आउट नावाच्या डिक्टमध्ये एकूणएक उत्तरं जपतात. सेलच्या शेवटी नुसतं डेटाफ्रेमचं नाव लिहून तो बघितलात की तो तिथे कायमचा राहायला आला. नंतर कितीही डेल करा. त्यासाठी रीसेटचा मॅजिक कमांड आहे, तो न मारता लायब्ररीच्या लेखकाला शिव्या घालू नयेत. वर, न पकडलेली एखादी चूक कन्सोलवर फुटली असेल तर तिचा ट्रेसबॅक (चूक कुठून कुठे आली त्याचा माग) सिस मॉड्यूलमध्ये वेगळाच ठेवलेला असतो.

ट्रेसबॅक! या इसमावर माझा खास राग आहे. एरर पकडली आणि 'सेल्फ.शेवटची-चूक' मध्ये ठेवून दिली, पुढेमागे दाखवायला. वरवर पाहता एक किरकोळ एरर. पण एररकडे ट्रेसबॅक, ट्रेसबॅककडे फ्रेम, फ्रेमकडे त्या फंक्शनमधली झाडून सगळी लोकल व्हेरिएबल्स, आणि त्या फ्रेमकडे तिला बोलावणाऱ्या फ्रेमचाही पत्ता. डेटाबेसमधून आणलेली हजारो ओळींची लिस्ट त्या फंक्शनमध्ये होती? मग तीही जिवंत. पायथन 3 मध्ये 'एक्सेप्ट ... ॲज ई' मधलं ई ब्लॉक संपताच आपोआप पुसलं जातं ते याच भानगडीमुळे. पण आपण ते दुसऱ्या नावाने ठेवून घेतलं की भाषेचा नाइलाज. ठेवायचंच असेल तर फॉरमॅट-एक्स्कने मजकूर करून ठेवा. स्ट्रिंग कुणाला धरून बसत नाही. एररच हवी असेल तर विथ-ट्रेसबॅकला नन देऊन शेपूट कापून ठेवा, आणि तिच्या काँटेक्स्टमध्ये आधीची एखादी एरर चिकटलेली नाही ना तेही बघा.

दुसरा सज्जन म्हणजे एकदा काढलेली उत्तरं जपून ठेवणारा एलआरयू-कॅशे. एका ओळीत वेग वाढतो म्हणून तो मेथडच्या डोक्यावर बसवतात. कॅशे क्लासपाशी असते, आणि तिच्या किल्लीत सेल्फ, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, हाही येतो. म्हणजे बुकिंगचं बिल एकदा काढलं की ते बुकिंग कॅशेत अडकलं. मर्यादा दिली नाहीत तर 128 वर थांबतं, म्हणून लीक असूनही पकडीत येत नाही. मर्यादा नन दिलीत किंवा 3.9 मधला नुसता कॅशे वापरलात तर थांबतच नाही. उपाय सोपा: कॅश्ड-प्रॉपर्टी वापरा, ती उत्तर त्या ऑब्जेक्टच्याच डिक्टमध्ये ठेवते, दोघं एकदमच जातात. नाहीतर फंक्शन क्लासबाहेर काढा आणि त्याला बुकिंगऐवजी बुकिंगचा नंबर द्या.

तिसरं गिऱ्हाईक मात्र मजेदार. सीझनमध्ये दर बदलले की प्रत्येक बुकिंगला कळावं म्हणून एका ग्लोबल लिस्टमध्ये 'सेल्फ.दर-बदलला' ही मेथड टाकलेली असते. मेथडच्या पोटात सेल्फ असतो, लिस्ट कधी मरत नाही, म्हणून बुकिंगही मरत नाही. हे कळल्यावर हुशार माणूस वीकरेफ वापरतो: उताऱ्यावर नाव न चढवता नुसता पत्ता माहीत असणारा रेफरन्स. लीक जाते. सोबत दर बदलल्याचा निरोपही जातो, एकाही बुकिंगला पोचत नाही! कारण 'सेल्फ.दर-बदलला' असं लिहिलं की पायथन दर वेळी नवी कोरी बाउंड मेथड बनवतो. तिला वीकरेफशिवाय कुणीच धरत नाही, म्हणून ती ओळ संपायच्या आतच वारते. यासाठी वीकमेथड असा वेगळा प्रकार आहे, तोही 3.4 पासून. जिथल्या तिथे लिहिलेला लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) वीकसेटमध्ये टाकणाऱ्याचीही हीच गत. आणि क्लासला स्लॉट्स (ठरवून दिलेल्या फील्ड्सची यादी) दिले असतील तर त्यात वीकरेफची जागा वेगळी सोडावी लागते, नाहीतर वीकरेफच बनत नाही. साध्या लिस्टचा आणि डिक्टचा तर बनतच नाही.

बाकीचे फुटकळ. जँगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये डीबग ट्रू राहिलं तर तो प्रत्येक क्वेरी लिहून ठेवतो, शेवटच्या 9000 पर्यंत. रिक्वेस्ट आली की वही कोरी होते, पण रात्रभर चालणाऱ्या स्क्रिप्टला रिक्वेस्ट कुठली येणार? आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबचा पायप्लॉट प्रत्येक आकृती क्लोज म्हणेपर्यंत धरतो. 20 पेक्षा जास्त उघड्या राहिल्या की तो बिचारा इशारा देतो, आणि आपण तो इशारा बंद करतो. फॉर लूप संपला तरी लूपचं व्हेरिएबल शेवटच्या ऑब्जेक्टला धरून राहतं. ते फंक्शनमध्ये असेल तर सोडून द्या, मॉड्यूलच्या पातळीवर असेल तर मोठ्या फाइलचा मजकूर दिवसभर पोटात राहतो. एकमेकांना धरून बसलेल्या जोड्यांची मात्र उगाच चिंता करतात. त्यांचा आकडा शून्य होत नाही हे खरं, पण जीसी त्यांच्यासाठीच आहे. कुणी वेगासाठी जीसी.डिसेबल करून ठेवलं असेल तर गोष्ट निराळी, आणि असा कुणीतरी असतोच.

साखळी शेवटपर्यंत नेण्यासाठी ऑब्जग्राफचं फाइंड-बॅकरेफ-चेन वापरावं. ते आपल्या बुकिंगपासून मागे मागे जात एखाद्या मॉड्यूलपर्यंत पोचतं आणि मधले सगळे धरणारे ओळीने दाखवतं. शो-बॅकरेफ्स चित्रही काढतं, पण खोली तीनवर ठेवा. पाचवर नेलीत की कोकणी जाळ्यात अडकलेले खेकडे दिसतात.

रिसेप्शनवर दिवसभर उघड्या असलेल्या ब्राउझरचंही दुखणं हेच. क्रोमच्या मेमरी टॅबमध्ये स्नॅपशॉट घ्या, चौकटीत 'डिटॅच्ड' टाइप करा आणि खालचा रिटेनर्सचा भाग वाचा: पानावरून काढून टाकलेले तक्ते कुणामुळे जिवंत आहेत ते तिथे असतं. बहुधा बंद न केलेला सेटइंटरव्हल, किंवा काढलाय असं वाटणारा लिसनर. बाइंड दर वेळी नवं फंक्शन देतं, म्हणून लावताना एक बाइंड आणि काढताना दुसरा बाइंड केला तर काहीच निघत नाही, आणि ब्राउझर चकार शब्द काढत नाही. कन्सोल.लॉगने छापलेले ऑब्जेक्टही डेव्हटूल्स उघडे असेपर्यंत सुटत नाहीत, म्हणून मोजणीआधी कन्सोल पुसावा.

आणि एवढं करूनही साखळी कुठल्यातरी सीमध्ये लिहिलेल्या लायब्ररीच्या दारात जाऊन थांबली, तर? गेट-रेफरर्सला जीसीच्या यादीत नसलेले धरणारे दिसतच नाहीत. तिथे मी निर्लज्जपणे गनीकॉर्न या पायथनच्या वेब-सर्व्हरचं मॅक्स-रिक्वेस्ट्स लावावं या मताचा आहे: हजार रिक्वेस्ट झाल्या की वर्कर आपोआप मरतो आणि नवा येतो. सोबत मॅक्स-रिक्वेस्ट्स-जिटरला पन्नास-शंभर द्या, नाहीतर एकदम उठवलेले चारही वर्कर साधारण एकदमच हजारावर पोचतात आणि एकदमच उठून जातात. त्या ओळीशेजारी 'तात्पुरतं' अशी कमेंट लिहायची पद्धत आहे. तिच्याऐवजी कुठल्या क्लासचे किती ऑब्जेक्ट उरतात आणि साखळी कुठे तुटली तेवढं लिहा, म्हणजे पुढच्याला ती 37 बुकिंगं पुन्हा करावी लागणार नाहीत.