एएमएच कमी आलं म्हणजे अंडाशय संपलं?

सोलापुरातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: तिशीत पाळी लांबली तर फक्त एएमएच (अंडाशयातल्या एका हार्मोनची रक्ततपासणी) करा; एकच्या खाली आलं तर अंडाशय संपलं, मुलाचा विषय सोडा; पाळी आणायची गोळी घेऊन पाळी आली तर मात्र सगळं ठीक.

‘एकच्या खाली.’ एएमएचवरून उरलेल्या स्त्रीबीजांचा अंदाज येतो; चाळिशीआधीच अंडाशयाचं काम मंदावण्याच्या आजाराचं (पीओआय) निदान होत नाही. नियमित पाळी येणाऱ्या बाईचंही ते कमी असतं आणि तिला दिवसही राहतात. शिवाय रिपोर्टवर एकक कुठलं ते बघा: १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे सुमारे ७ पिकोमोल प्रति लिटर.

‘फक्त एएमएच.’ वय चाळिशीच्या आत, पाळी किमान ४ महिने बंद किंवा फार विस्कळीत आणि एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) २५ युनिट प्रति लिटरच्या वर, यावरून निदान होतं. त्याआधी गरोदरपणाची तपासणी (मेसेजवाला नेमकी हीच विसरलाय), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन). पूर्वी वाढलेलं एफएसएच दोनदा दिसावं लागे. २०२४च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकदा पुरतं, शंका असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा. एएमएचचा उपयोग अशा शंकेच्या वेळी. पाळीच येत नसेल तर रक्त देण्यासाठी ‘दुसऱ्या दिवसा’ची वाट बघू नका.

रिपोर्ट फसतो तो इथे: गड्ड्याच्या यात्रेसाठी किंवा वारीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली, की एफएसएच दबतं. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन काही मशीनवर एफएसएच खोटं कमी दाखवतं. यातलं काय चालू आहे ते रक्त देण्याआधीच सांगा.

‘गोळीने पाळी आली, म्हणजे ठीक.’ सगळ्यात घातक वाक्य हे. या आजारात अंडाशय अधूनमधून जागं होतं, इस्ट्रोजेन तयार होतं. त्यामुळे गोळीनंतर रक्तस्राव होऊ शकतो. दर वेळी तेवढ्यावर भागवलं तर निदान रखडतं आणि इकडे एरवी इस्ट्रोजेन कमी पडत असल्याने हाडं ठिसूळ होत राहतात.

‘मुलाचा विषय सोडा.’ निदानानंतरही शंभरातल्या सुमारे पाच जणींना आपोआप दिवस राहतात. मूल नको असेल तर गर्भनिरोधक लागतंच. हार्मोनची भरपाई (इस्ट्रोजेनसारखी कमी पडणारी हार्मोन्स औषधातून घेणं) म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. ही भरपाई, मनाई करणारं कारण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत घ्यायची.

निदान झालं की गुणसूत्रांची आणि एफएमआर१ जनुकाची तपासणी, अ‍ॅड्रिनल ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी आणि हाडांसाठी डेक्सा स्कॅन याबद्दल विचारा. सिव्हिलला जा की खासगीत, वर्षभराच्या पाळीच्या तारखा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि चॉकलेट सिस्टचं (अंडाशयातल्या एका प्रकारच्या गाठीचं) ऑपरेशन किंवा केमो झाली असेल तर ते कागद सोबत न्या.