आधी घोडा शोधा

प्राचीन ब्रिटनांची सोन्याची नाणी जमवणाऱ्याची पहिली पंचाईत म्हणजे नाण्याची वरची बाजू कुठली? मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या नाण्यावर अपोलोचं मुखकमल होतं, मागे दोन घोड्यांचा रथ. हा नमुना गॉलमार्गे (म्हणजे आजच्या फ्रान्समार्गे) ब्रिटनमध्ये पोचेस्तोवर रथ मोडला, एक घोडा पळाला, उरलेल्याचे सांधे निखळले आणि अपोलोचे फक्त केस नि पानांची माळ शिल्लक राहिली. म्हणून मी आधी घोडा शोधतो. तीन शेपट्यांचा असला तर नाणं डोबुन्नी टोळीचं. डावीकडे तोंड आणि अंगाचे सगळे भाग सुटे असतील तर बहुधा कोरिएल्टाव्ही टोळीचं. काही गॅलो-बेल्जिक, म्हणजे उत्तर गॉलकडच्या नाण्यांची एक बाजू कोरीच असते. छापा-काटा करायला जाऊ नका.

त्यात ठसा मोठा, चकती लहान. आपल्या शिवराईवर ‘छत्रपति’तलं एखादं अक्षर कडेबाहेर जातं, तीच गत. कुनोबेलिन या ब्रिटन राजाच्या नाण्यावर कणसाच्या एका बाजूला ‘का’, दुसऱ्या बाजूला ‘मु’ हवं : कॅम्युलोडुनम, आजचं कोलचेस्टर. पुष्कळदा नुसतं ‘मु’ हाती लागतं. किंमत मात्र पूर्ण गावाची.

खरा घाम फुटतो तो घनता मोजताना. तांब्यावर सोन्याचा पत्रा चढवलेली खोटी नाणी त्या काळातच निघत होती. नाणं हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला, पहिलं वजन दोन्हींतल्या फरकाने भागा. कुनोबेलिनच्या ५.४ ग्रॅमच्या नाण्यात सोनं निम्म्याहून कमी, बाकी चांदी-तांबं. म्हणून फरक साधारण ०.४५ ग्रॅम. आत नुसतं तांबं असेल तर ०.६० च्या आसपास. स्वयंपाकघरातला काटा इथे शोभेचा; ०.०१ ग्रॅम दाखवणाराच हवा. नाण्याला बुडबुडा चिकटला तर अस्सल नाणंही नकली ठरतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. १.३ ग्रॅमच्या पाव नाण्यावर हा खटाटोप करूच नये. काट्याची चूकच जवळजवळ दहा टक्के भरते. आणि माती दिसली म्हणून घासू नका. मातीतली वाळू सोन्यापेक्षा कठीण असते. घोड्याचा उरलासुरला पायही जायचा.

शेवटी कागदपत्रं. १९९६च्या खजिना कायद्याने इंग्लंडमध्ये एकत्र सापडलेली दोन जुनी सोन्याची नाणीसुद्धा खजिना ठरतात आणि १४ दिवसांत कॉरोनरला (संशयास्पद मृत्यूंची नि खजिन्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. एकट्या नाण्याला सहसा ही कटकट नाही. म्हणूनच की काय, एकाच ठशाची, एकाच रंगाच्या मातीत माखलेली सहा नाणी विक्रीला येतात आणि सहाही म्हणे वेगवेगळ्या शेतांत एकेकटी सापडलेली असतात.