रयत शिक्षण संस्थेच्या स्थापनेविषयी खुलासा

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचे स्मरण करणाऱ्या एका फिरत्या मजकुरात, रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात स्थापन झाली आणि तिचे उद्‌घाटन महात्मा गांधींनी केले, असे म्हटले आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी झाली. १९२४ हे तिचे मुख्यालय साताऱ्यास हलविल्याचे आणि तेथे वसतिगृह सुरू झाल्याचे वर्ष होय. गांधीजींचा संबंध येतो तो १९२७ मध्ये, त्याच वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्याच्या समारंभात. काले गावाचे नाव गाळले जावे, हे विशेष खटकते, कारण ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडलेल्या भाऊरावांच्या कामाची सुरुवात खेड्यातच झाली होती.

मजकुरातील एक गोष्ट मात्र खरी आहे: वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंगतीत जेवत, आणि त्यांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले.